जुना लक्झरी कोच घ्यायचाय: प्रेव्हो, न्यूएल की न्यूमार? (अमेरिका)

आडवाट

नमस्कार मंडळी. आठ वर्षांच्या खंडानंतर पुन्हा मोटारहोम घ्यायचं पक्कं होतंय. आधीचं ३४ फुटी, फोर्डच्या चासीवरचं, पेट्रोलवर चालणारं होतं. आता मागे इंजिन असलेला ४० ते ४५ फुटी डिझेल कोच हवाय, जुना पण वरच्या दर्जाचा. राहणं टेक्ससमध्ये, फिरणं वर्षाला साधारण चार महिने, माणसं दोन. अधूनमधून मुलगी-जावई आणि नातू. सगळं मिळून खर्च तीन लाख डॉलरच्या आत बसवायचाय.

जाहिराती बघून गोंधळ वाढलाय. २००५चा प्रेव्हो आणि २०१७चा न्यूमार एकाच किमतीला दिसतात, आणि फोटोंत दोन्ही सारखेच चकचकीत. एअर ब्रेक, एअर सस्पेन्शन हा सगळा भाग मला नवा आहे. निवड कशी करावी आणि पैसे देण्याआधी नेमकं काय तपासावं, हे जाणकारांनी सांगावं.

टेक्ससकर

आधी बजेटचं बोलू. तीन लाख म्हणजे सगळं धरून असेल, तर कोच दोन लाख चाळीस हजारांच्या वरचा बघूच नका. टेक्ससमध्ये वाहनावर ६.२५ टक्के विक्रीकर आहे, म्हणजे १५,००० तिथेच गेले. टॅग ॲक्सलच्या (मागच्या चाकांमागे जादा आस असलेल्या) कोचला आठ टायर लागतात, ते बदलायचे तर सात हजारांच्या आसपास. घरातल्या विजेच्या बॅटऱ्यांचे पाच हजार. उरलेले तेहतीस हजार पहिल्या वर्षासाठी वेगळे ठेवा, त्यांना हात लावू नका. चांगल्या कोचलाही पहिल्या वर्षी पैसा लागतोच, कारण मागच्या मालकाने विकायचं ठरवल्यावर दुरुस्त्या थांबवलेल्या असतात.

आता नावांबद्दल. प्रेव्हो ही कॅनडातल्या क्वेबेकची बस कंपनी. ती फक्त बसचा सांगाडा, इंजिन आणि चाकं देते. घर आत बसवणारे वेगळे: ओरेगॉनमधल्या कोबर्गचे मॅरेथॉन, शिवाय लिबर्टी, मिलेनियम, फेदरलाइट. त्यामुळे एका कोचला दोन वर्षं असतात, सांगाड्याचं वेगळं आणि आतल्या कामाचं वेगळं. जाहिरातीत बहुधा नंतरचं लिहितात. टायटलवर (मालकीच्या कागदावर) कुठलं आहे ते बघा, कारण कर्ज, विमा आणि पुनर्विक्रीची किंमत त्यावर ठरते.

न्यूएल ओक्लाहोमातल्या मायामीत बनतो, सांगाडा आणि घर दोन्ही त्यांचंच. फोरट्रॅव्हल टेक्ससमधल्या नॅकोडोचेसचा. न्यूमार आणि एन्टेग्रा इंडियानाचे, टिफिन अलाबामाचा. हे तिघे स्पार्टन किंवा फ्रेटलायनरच्या चासीवर घर चढवतात (टिफिनची स्वतःची चासीही आहे). कंट्री कोच आणि मोनॅको २००९ साली दिवाळखोरीत गेले. त्यांचे कोच अजून दणकट मिळतात, पण खिडकीची चौकट, दाराचं कुलूप, कप्प्याचं झाकण असले खास सुटे भाग भंगारातूनच शोधावे लागतात.

कृष्णाकाठ

डिझेल वर्कशॉपच्या बाजूने लिहितो. वर्षांच्या आकड्यात अडकू नका, इंजिन उत्सर्जनाच्या कोणत्या टप्प्यातलं आहे ते आधी बघा. ढोबळ तीन टप्पे आहेत.

२००७च्या आधीची इंजिनं: डिट्रॉइट सिरीज ६०, कॅटरपिलर सी-१५, जुनी कमिन्स. यांत धुराचा फिल्टर नाही, डीईएफ (धूर साफ करायला त्यात फवारायचं युरियाचं पाणी) नाही. दुरुस्त करणारे हात भरपूर. मात्र कॅटरपिलरने २०१० नंतर रस्त्यावरच्या ट्रकांसाठी इंजिनं बनवणं सोडलं, तेव्हा तुमच्या परिसरात कॅट उघडणारा मिस्त्री आहे का ते विचारून ठेवा.

२००७ ते २००९: धुराच्या नळीत काजळीचा फिल्टर आला, पण डीईएफ नव्हतं. सगळा भार एक्झॉस्टचा धूर परत इंजिनात फिरवण्यावर होता. त्यामुळे तो धूर थंड करणारा कूलर फुटणं, वाल्व्ह काजळीने अडकणं, फिल्टर वारंवार तुंबणं हे याच टप्प्यात जास्त. माझं मत स्पष्ट आहे, याच टप्प्यातलं इंजिन असेल तर दुरुस्तीची कागदपत्रं हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

२०१० पासून पुढे: फिल्टर अधिक डीईएफ, म्हणजे ३२.५ टक्के युरियाचं पाणी. इंजिन मोकळा श्वास घेतं, मायलेजही बरं. त्रास आहे तो डीईएफ टाकीतल्या सेन्सरचा. तो बिघडला की संगणक आधी ताकद कमी करतो आणि शेवटी गाडी ताशी ५ मैलांवर आणून ठेवतो. २०२१ मध्ये या सेन्सरच्या चिपा मिळेनात तेव्हा कित्येक कोच महिनोन् महिने उभे राहिले होते. टाकीत डीईएफ वर्षाहून जुनं राहू देऊ नका. उन्हात ते लवकर खराब होतं आणि सुकलं की स्फटिक धरतं.

कोचच्या वर्षावरून टप्पा ठरवू नका. २०१०च्या कोचमध्ये आधी बनवून ठेवलेलं जुन्या टप्प्याचं इंजिन सर्रास असतं. इंजिनावरच्या पाटीचा फोटो मागवा, तिथे उत्सर्जनाचं वर्ष छापलेलं असतं.

अवंती_प

कृष्णाकाठ, इंजिनाबद्दल सहमत. पण सिरीज ६० आहे म्हणून २००४चा प्रेव्हो डोळे झाकून घ्यावा, असा अर्थ कोणी काढू नये. वीस वर्षांत इंजिन टिकतं, रबर टिकत नाही. सस्पेन्शनच्या हवेच्या पिशव्या, ब्रेक चेंबरचे पडदे, कूलंटच्या नळ्या, स्लाइडचे (भिंतीतून बाहेर सरकणाऱ्या भागाचे) सील, हायड्रॉलिकच्या नळ्या या सगळ्यांचं आयुष्य कॅलेंडरने मोजायचं, मैलांनी नव्हे. म्हणून ४०,००० मैल चाललेला वीस वर्षांचा कोच बघून हुरळून जाऊ नये. एक लाख चाळीस हजार मैल झालेला आणि दरवर्षी सर्व्हिस सेंटरला गेलेला कोच बहुतेक वेळा जास्त निरोगी निघतो.

जनरेटरचंही तेच. मीटरवर कमी तास म्हणजे तो बंद पडून होता. ओनान या जनरेटर कंपनीच्या सूचनेप्रमाणे महिन्यातून एकदा, दोन तास, निदान अर्ध्या भारावर चालवायला हवा. तसं न केलेल्या जनरेटरमध्ये इंधन चिकट होतं, आतल्या वेटोळ्यांत दमट हवा बसते. तपासताना नुसता सुरू करून बंद करू नका. सगळे एसी आणि पाण्याचा हीटर लावून अर्धा तास चालवा, जनरेटरच्या दोन्ही लाइनींचं व्होल्टेज १२० च्या जवळ आणि फ्रिक्वेन्सी ६० च्या जवळ राहते का बघा.

आडवाट

खूप उपयोगी. वर्ष बाजूला ठेवून आता इंजिनाची पाटी आणि सर्व्हिसची बिलं आधी मागवतोय. प्रत्यक्ष बघायला गेल्यावर कोणत्या क्रमाने तपासायचं?

कृष्णाकाठ

क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर.

आदल्या दिवशी विक्रेत्याला सांगा की इंजिन थंड हवं. पोचल्यावर पहिला हात इंजिनाच्या ब्लॉकला लावा. गरम असेल तर थंड असताना ते नीट सुरू होत नसावं, असं धरून चाला आणि दुसरा दिवस मागा. थंडीत सुरू होताना थोडा पांढरा धूर चालतो, दोन-तीन मिनिटांत तो गेला पाहिजे. निळा धूर राहिला तर तेल जळतंय.

इंजिन सुरू करण्याआधी हवेचा काटा बघा. रात्रभरात हवा पूर्ण उतरलीय का? संध्याकाळीच चारही कोपऱ्यांवर चाकाच्या कमानीपासून जमिनीपर्यंतचं अंतर टेपने मोजून ठेवता आलं, तर सकाळी कोणता कोपरा किती बसला ते कळतं. इंजिन चालू झाल्यावर दाब १२० ते १३० पीएसआयला थांबायला हवा. मग इंजिन बंद करा, चाकांना अडसर लावून पार्किंग ब्रेक सोडा. एका मिनिटात २ पीएसआयपेक्षा जास्त उतरता कामा नये. ब्रेकचं पेडल दाबून धरल्यावर ३. मोठी वाहनं चालवण्याच्या परीक्षेतली हीच चाचणी आहे. त्यानंतर हवेच्या टाक्यांचे ड्रेन ओढा. पाणी आलं तर ड्रायरचं काडतूस संपलंय, तेलकट चिकट आलं तर कॉम्प्रेसर तेल फेकतोय.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. हवेवर उभ्या असलेल्या कोचखाली कधीही शिरू नका. पिशवी फुटली किंवा नळी सुटली तर कोच क्षणात खाली बसतो आणि खाली माणसाला जागा उरत नाही. आधी पक्के स्टँड, मगच खाली जाणं. विक्रेता घाई करत असला तरी.

तेलाचे नमुने: इंजिन, गिअरबॉक्स, जनरेटर आणि शिवाय कूलंट. इंजिन गरम असताना धारेच्या मधला भाग बाटलीत घ्या, पहिली धार सोडून द्या. प्रयोगशाळा साधारण चाळीस डॉलरला एक नमुना तपासते. सोडियम-पोटॅशियम दिसलं तर तेलात कूलंट उतरतंय, सिलिकॉन जास्त तर हवेच्या फिल्टरमधून धूळ जातेय. मात्र विक्रीआधी तेल बदललेलं असेल तर तो अहवाल कोरा कागद समजा. नव्या तेलात काहीच दिसत नाही. मग कूलंटचा अहवाल, इंजिनाच्या संगणकातले जुने कोड आणि ब्लो-बायची (पिस्टनच्या कड्यांमधून निसटणाऱ्या वायूची) चाचणी यांवर भिस्त ठेवायची. सिरीज ६० किंवा मोठ्या कमिन्ससारख्या ओल्या लायनरच्या (बाहेरून थेट कूलंट लागणाऱ्या सिलिंडरच्या नळकांड्याच्या) इंजिनात कूलंटमधलं रसायन संपलं की लायनरला बाहेरून खड्डे पडतात आणि शेवटी भोक. ते काम वीस-तीस हजार डॉलरला सहज जातं. पाच मिनिटांत टेस्ट स्ट्रिपने कळतं, तरी तपासणारे कमी.

रेडिएटर मागे असलेल्या कोचमध्ये टॉर्च मारून पंख्याच्या बाजूने रेडिएटर आणि चार्ज एअर कूलर (टर्बोची हवा थंड करणारी जाळी) बघा. इंजिनाच्या श्वासनळीतून येणारं तेलाचं धुकं पंखा तिथेच फेकतो, वर रस्त्याची धूळ बसते आणि चिखलाचा थर वाळतो. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते आणि आतून बंद असते. चढावर गरम होणारे कोच बहुधा यातलेच.

टेक्ससकर

रस्त्यावरची चाचणी निदान ५० मैलांची हवी, हायवे आणि एक लांब चढ धरून. चढावर तापमान २१० फॅरनहाइटच्या वर जाऊन तिथेच राहिलं तर थांबा. ॲलिसन गिअरबॉक्स असेल तर परतल्यावर सपाट जागी न्यूट्रलमध्ये दोन मिनिटं थांबून वरचा आणि खालचा बाण एकदम दाबा, तेलाची पातळी पडद्यावर येते. पुन्हा पुन्हा दाबत गेलं की नव्या मॉडेलांत तेलाचं आणि फिल्टरचं उरलेलं आयुष्य आणि साठवलेले कोडही दिसतात. काही न्यूएलमध्ये ॲलिसनऐवजी झेडएफचा गिअरबॉक्स आहे. तो वाईट नाही, पण दुरुस्त करणारे कमी.

टायरवर डॉटच्या (अमेरिकी वाहतूक खात्याच्या) खुणेनंतरचे शेवटचे चार अंक वाचा. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. खूण आतल्या बाजूला असेल तर वाकून बघा, आठही बघा. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी, आणि नक्षी कितीही खोल दिसली तरी दहा वर्षांनंतर बाद, असं मिशेलिन सांगतं. पुढच्या दोन टायरांना मी सातच वर्षं देईन. ५४,५०० पौंडांच्या कोचचा पुढचा टायर ६५ मैलांच्या वेगात फुटला तर स्टिअरिंग धरून ठेवणं फार कठीण.

अवंती_प

घराचा भाग राहिलाच. प्रेव्होच्या स्लाइडभोवती हवेने फुगणारा सील असतो. स्लाइड हलवण्याआधी त्यातली हवा काढावी लागते, यंत्रणा ती स्वतः काढते. काढली गेली नाही तर स्लाइड सीलला फाडत बाहेर येते. म्हणून प्रत्येक स्लाइड दोनदा बाहेर-आत करा आणि सीलवर चिरा, चिकटपट्टीची ठिगळं शोधा. आतून स्लाइडच्या कोपऱ्यातला गालिचा उचलून प्लायवूडवर बोट दाबा. मऊ लागलं तर पाणी आत येतंय. फायबरग्लासच्या भिंतींच्या कोचमध्ये बाहेरून तिरप्या उजेडात भिंत बघा, फुगवटा दिसला तर आतला थर सुटलाय. त्याची दुरुस्ती किमतीच्या मानाने परवडत नाही, सरळ सोडून द्या.

डिझेलवर पाणी आणि खोली तापवणारा बॉयलर (ॲक्वा-हॉट किंवा तत्सम) थंड स्थितीतून डिझेलवरही चालवून बघा आणि विजेवरही. नुसता विजेवर चालवून दाखवला तर बर्नरमध्ये बिघाड असू शकतो. दरवर्षी नोझल आणि इंधनाचा फिल्टर बदलायचा असतो, त्याची बिलं मागा. टाकीच्या खालच्या कडेला गंजाचे ओघळ असतील तर नव्या बॉयलरचे दहा हजार किमतीतून वजा करायला सांगा.

जुन्या प्रेव्होंमध्ये एसी छतावर नसतात, खालच्या कप्प्यांत असतात, आणि त्यांत आर-२२ वायू असतो. अमेरिकेत त्याचं उत्पादन आणि आयात २०२० पासून बंद आहे. गळती असलेला एक एसी म्हणजे बहुधा वायू भरणं नाही, अख्खा संच बदलणं.

आणि फोटोंत ज्याने भुरळ पडते ते टचस्क्रीन. दिवे, पडदे, पंप, एसी, सगळं एकाच पडद्यावरून चालतं, आणि पंधरा वर्षांनी तो पडदा कुठेच मिळत नाही. प्रत्येक बटण दाबून बघा. पडदा मेला तर पाण्याचा पंप आणि दिवे हाताने चालू करता येतात का, हे विक्रेत्याला करून दाखवायला लावा.

रानवाट

स्वयंपाकाचं लिहिते. या वर्गातले बरेच कोच पूर्ण विजेवर चालतात, प्रोपेन नाही. फायदा असा की बाल्टिमोरच्या फोर्ट मॅकहेन्री बोगद्यासारखे जे रस्ते प्रोपेनवाल्यांना बंद असतात ते तुम्हाला खुले. पण चूल इंडक्शनची. ॲल्युमिनियमचा कुकर आणि लोखंडी तळ नसलेली कढई त्यावर तापणार नाही, इंडक्शनचा तळ असलेला स्टीलचा कुकर हवा. इंडक्शनची एक शेगडी साधारण १,८०० वॉट ओढते. इन्व्हर्टरवर तेवढी चालते, पण शेजारी मायक्रोवेव्ह लागला की बंद पडतो. बघायला जाल तेव्हा चुलीवरचा पंखा हवा बाहेर टाकतो की नुसती जाळीतून फिरवतो, ते बघाच. छताला लेदर किंवा कापड असेल आणि हवा बाहेर जात नसेल तर फोडणीचा वास महिनोन् महिने हटत नाही.

नातवासाठी सीटबेल्ट मोजा. कित्येक कोचमध्ये पुढच्या दोन खुर्च्यांनाच असतात, सोफ्याला नसतात, किंवा असतात पण आडव्या बसण्याचे, ज्यावर मुलाची सीट बांधता येत नाही.

आडवाट

रानवाटताई, सीटबेल्टचा विचारच केला नव्हता, धन्यवाद. दोन प्रश्न राहिलेत. टेक्ससमध्ये परवाना वेगळा लागतो का? आणि माँटाना राज्यात कंपनी काढून तिच्या नावावर घ्या, कर वाचतो, असं विक्रेते सांगतात. त्यात कितपत तथ्य?

टेक्ससकर

लागतो. टेक्ससमध्ये २६,००० पौंडांच्या वरच्या मोटारहोमला बिगर-व्यावसायिक क्लास बी हवा. लेखी परीक्षा आणि त्याच वर्गाच्या वाहनावर प्रत्यक्ष चाचणी. म्हणजे कोच हाती आल्यावर परीक्षेला तो नेणारा परवानाधारक माणूस सोबत लागेल. खरेदीच्या दिवशी घरी कोण आणणार हेही आधी ठरवा. दुसऱ्या राज्यांची अट वेगळी असते. कॅलिफोर्नियात वजनाऐवजी लांबी मोजतात, ४० फुटांच्या वर गेलं की तिथल्या रहिवाशाला क्लास बी लागतो. शिवाय ४५ फुटी मोटारहोमला तिथले सगळे रस्ते खुले नाहीत, पर्वतातले आडरस्ते धरण्याआधी नकाशा बघा.

माँटानात विक्रीकर नाही हे खरं. पण तुम्ही टेक्ससमध्ये राहता, कोच टेक्ससमध्ये उभा राहणार, तर टेक्सस कर मागू शकतं, दंडासकट. विमा कंपनीला कोच खरा कुठे राहतो ते सांगितलं नसेल तर दाव्याच्या वेळी तेही अंगाशी येतं. पंधरा हजार वाचवायला जाऊन एवढं ओझं घेऊ नये. विमा मात्र ठरलेल्या किमतीचा घ्या, बाजारभावाचा नको.

कन्साइनमेंटवरचा (मालकाच्या वतीने डीलर विकतोय असा) कोच असेल तर टायटल कुणाकडे आहे आणि त्यावर बँकेचं कर्ज आहे का ते लेखी मागा. पैसे थेट कर्जफेडीला किंवा एस्क्रोमध्ये (व्यवहार पुरा होईपर्यंत त्रयस्थाकडे) जाऊ द्या. अनामत द्याल ती 'तपासणी आणि तेलाचे अहवाल समाधानकारक आले तर' या अटीवरच, आणि अट पावतीवर लिहून.

कृष्णाकाठ

बॅटऱ्यांबद्दल एक पुरवणी. बऱ्याच प्रेव्होंचं घर २४ व्होल्टवर चालतं, १२ व्होल्टची उपकरणं व्हॅनर इक्वलायझरमधून (२४ मधून १२ व्होल्ट देणाऱ्या डब्यातून). संध्याकाळी बाहेरची वीज काढून फ्रिज आणि नेहमीचे दिवे चालू ठेवा. सकाळी एजीएम (बंद शिसे-आम्ल बॅटऱ्यांचा) संच २४.४ च्या खाली गेला असेल तर अर्ध्याहून जास्त रिकामा झालाय, आयुष्य संपत आलंय. मागच्या मालकाने लिथियम बसवलं असेल तर दोन गोष्टी विचारा: अल्टरनेटरवरून चार्ज होताना करंट कोण मर्यादित करतं, आणि शून्य सेल्सियसच्या खाली चार्जिंग बंद होतं का. दोन्हींचं उत्तर मिळालं नाही तर ते काम पुन्हा करावं लागेल.

मागे गाडी ओढणार असाल तर तुमची आत्ताची गाडी चारही चाकांवर ओढता येते का ते तिच्या पुस्तिकेत बघा. होंडा सीआर-व्ही २०१४ पर्यंतची चालायची, २०१५ पासून नाही. जीप रँग्लर चालते. ओढलेल्या गाडीला वेगळा ब्रेक लावायला विसरू नका.

आडवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. यादीतून तीन काढून टाकले. दोन २००८च्या इंजिनाचे होते, बिलं नव्हती. तिसऱ्याची भिंत फोटोतच फुगलेली दिसतेय. उरलेत २००५चा प्रेव्होचा एच-थ्री, सिरीज ६०चा, आणि २०१६चा न्यूमार. एच-थ्रीच्या मालकाकडे नॅशव्हिलच्या प्रेव्हो सर्व्हिस सेंटरची अकरा वर्षांची बिलं आहेत, टायर २०२१चे. न्यूमारचं काहीच कागदावर नाही.

अवंती_प

आधी एच-थ्री बघा. त्या बिलांत हवेच्या पिशव्या आणि कूलंटच्या नळ्या कधी बदलल्या ते शोधा. दोन्हींची तारीख सापडली नाही, तर त्या मूळच्याच आहेत असं धरून भाव करा.